बेंगळुरूतली बेगमी

बेंगळुरूच्या किराणा दुकानात सोनामसुरी तांदळाचं पोतं मागितलं की बऱ्याचदा २६ किलोचं पोतं समोर येतं. पंचवीसचं नाही आणि तीसचंही नाही. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद धान्यावर पाच टक्के जीएसटी लागू झाला. त्याहून जड पोत्याला तो लागत नाही. तेव्हा व्यापाऱ्यांनी पोत्यात एक किलो वाढवला आणि घरोघरच्या साठवणीचं माप कराच्या एका कलमानं ठरून गेलं. दोन्ही वेळा भात शिजणाऱ्या घरात हे पोतं महिना-दीड महिन्यात संपतं. पोळी-भाकरीच्या घरात तेच पोतं तीन-चार महिने पुरतं. बेंगळुरूतली बहुतेक मराठी घरं या दुसऱ्या प्रकारची आहेत आणि त्यांची खरी अडचण पोतं घरात आल्यानंतर सुरू होते.

कारण ते ठेवायचं कुठे? इथल्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून ‘युटिलिटी’ नावाची चिंचोळी जागा असते. वॉशिंग मशीन, भांडी घासायचं सिंक, दोरीवरचे ओले कपडे, बादल्या, गॅसचा सिलिंडर, सगळं तिथेच. तांदळाचं पोतंही तिथेच येतं आणि भिंतीला टेकून थेट फरशीवर बसतं. धान्य ठेवायला अख्ख्या घरात याहून वाईट जागा नाही. धान्याचा दाणा हवेतली ओल शोषून घेतो, हवा कोरडी असली की सोडतो, हे त्याचं सतत चाललेलं असतं. कपडे वाळत घातलेल्या कोंदट जागेत त्याला सोडायला वावच मिळत नाही. जून-जुलै उलटतात, पोत्याचा तळ गार आणि दमट होतो, आणि एखाद्या सकाळी ताटात घेतलेल्या तांदळात काळपट तपकिरी, बारीक सोंडेचे किडे चालताना दिसतात.

हे सोंडकिडे आदल्या रात्री आलेले नसतात. मादी आपल्या सोंडेनं दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि चिकट स्रावानं ते भोक बुजवून टाकते. वरून दाणा धडधाकट दिसतो. अळी आतल्या आत दाणा पोखरत वाढते, तिथेच कोश होतो आणि साधारण महिन्याभरानं पूर्ण वाढलेला किडा दाणा फोडून बाहेर येतो. एक मादी आयुष्यात तीनशेपर्यंत अंडी घालते. म्हणजे किडे दिसतात त्या दिवसाच्या निदान महिनाभर आधी घर हरलेलं असतं. साठवणीच्या सगळ्या जुन्या रीती या न दिसणाऱ्या महिन्यासाठी आहेत. त्या रीतींना अडाणी समजून मागे टाकणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं, की त्या घडवणाऱ्या बायकांनी अंडं कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं आणि तरीही त्याच्यावर उपाय शोधला होता.

त्या रीती महाराष्ट्रातून येताना आपलं पंचांगही घेऊन आल्या. देशावर धान्य भरायचं ते चैत्र-वैशाखात. सोलापूर, लातूर, अहिल्यानगरच्या धाब्यावर मे महिन्यात पाय ठेववत नाही. अशा उन्हात गहू दोन-तीन दिवस पसरला की त्यातली ओल बारा टक्क्यांच्या खाली उतरते आणि आतली अंडी-अळ्याही मरतात. दाणा पन्नास-पंचावन्न अंशांपर्यंत तापला की किड्याची कोणतीच अवस्था फार वेळ तग धरत नाही. पापड, कुरडया, सांडगे आणि वर्षाचे गहू, सगळं एकाच उन्हात उरकून मृगाआधी डबे बंद करायचे, असा तो हिशोब.

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंच आहे. इथे मे महिना म्हणजे वळवाचा महिना. दुपारपर्यंत ऊन असतं, चारच्या सुमारास ढग भरतात आणि गच्चीवरची चादर दोन्ही टोकांनी उचलून धावावं लागतं. आंबेसरी तर त्याहून आधी, एप्रिलपासूनच पडायला लागतात. मग नैर्ऋत्य मोसमी पाऊस, आणि सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. सोलापूरचं पंचांग घेऊन आलेल्या सुनेचे गहू पहिल्या वर्षी इथे हमखास दमट राहतात. या शहराचे कोरडे महिने जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च. आभाळ निरभ्र, हवा खरखरीत, ऊन सोसण्यासारखं. वाळवण इथे करायचं ते तेव्हा. पण नवा गहू तर मार्च-एप्रिलशिवाय बाजारात येत नाही! म्हणून इथल्या जुन्या मराठी घरांनी मधला मार्ग काढला. वर्षाचा गहू एकदम भरायचा नाही, दोन-तीन महिन्यांचाच घ्यायचा, आणि उघडीप मिळेल तेव्हा चार तास ऊन दाखवून पुन्हा डब्यात टाकायचा. साठवण ही त्या-त्या गावच्या हवेशी जुळवून घेण्याची विद्या आहे. गाव बदललं की तिची उजळणी करावीच लागते.

गहू भरण्याचं काम जवळून पाहण्यासारखं असतं. निवडलेला, उन्हातून आणलेला गहू आधी सावलीत पसरून पूर्ण निवू द्यायचा. ही पायरी घाईत हटकून चुकते. कोमट गहू डब्यात बंद केला की रात्री झाकणाच्या आतून घाम धरतो आणि वरचा थर ओलसर होतो. निवला की एक दाणा दाढेखाली घालून बघायचा. कट् असा आवाज होऊन तुटला तर वाळला. चपटा झाला किंवा चामट लागला तर अजून ऊन हवं. ज्यांना दाढेवर भरवसा नाही त्यांच्यासाठी आणखी एक साधी परीक्षा आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य आणि भाजून कोरडं केलेलं चमचाभर मीठ घालून दोन-तीन मिनिटं हलवायचं. मीठ काचेला चिकटलं तर धान्यात ओल बरीच आहे, मोकळं घसरलं तर हरकत नाही. मग परातीत थोडे थोडे गहू घेऊन तळव्यावर घेतलेलं एरंडेल चोळायचं. हाताला तेलकटपणा जाणवावा, पण दाण्यावर ओघळ दिसू नये, इतकंच. दहा किलोला दोन-तीन चमचे पुष्कळ होतात. दाण्यावर तेलाचा पातळ थर बसला की घातलेल्या अंड्यांना हवा मिळत नाही आणि कडधान्याच्या भुंग्याला तर अंडं चिकटवायला जागाच सापडत नाही. डब्याच्या तळाशी, मध्ये आणि वर सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला. पाला पूर्ण वाळलेला हवा, नाहीतर तोच ओल घेऊन आत शिरतो. डबा काठोकाठ भरायचा. अर्धा रिकामा डबा म्हणजे आत तेवढी हवा, आणि किड्याला तीच हवी असते.

या सगळ्यातलं एकही काम अवघड नाही. पण ते आठवणीनं, वेळेवर आणि दर वर्षी करावं लागतं, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या बायकांनीच केलेलं आहे. घरात किती धान्य आहे हे पुरुषांना माहीत असे. ते कसं आहे हे फक्त बायकांना कळत असे.

एका बाबतीत मात्र ठाम बोलायला हवं. किडे झाले की काही घरांत गोदामात वापरायच्या धुरीच्या गोळ्या आणून डब्यात टाकतात. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या या गोळ्यांमधून हवेतल्या ओलीनं फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. त्या प्रशिक्षित माणसांनी, बंद गोदामात, ताडपत्रीखाली वापरायच्या आहेत. झोपायच्या खोलीशेजारी ठेवलेल्या धान्यात त्या टाकून माणसं, विशेषतः लहान मुलं, दगावल्याच्या बातम्या देशभरातून येत राहतात. तांदूळ किडला तर फार तर फेकावा लागतो. फॉस्फिनवर उतारा नाही.

बेंगळुरू आणि धान्य यांचं नातं शहराच्या पायाइतकं जुनं आहे. केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसवलेल्या पेठेत एकेका मालाची एकेक गल्ली होती. तांदळाची अक्कीपेट, नाचणीची रागीपेट, कापसाची अरळेपेट, आणि घाऊक धान्याची तरगुपेट. यातली काही नावं आजही बसच्या पाट्यांवर आहेत. घाऊक बाजाराचा मोठा भाग पुढे यशवंतपूरच्या बाजार समितीच्या आवारात गेला, तरी तरगुपेटेत अजून हातगाडीवरून पोती फिरताना दिसतात. १६३८ मध्ये आदिलशाही फौजेनं बेंगळुरू घेतलं आणि शहाजीराजांना जहागीर म्हणून दिलं, तेव्हापासून मराठी या पेठेत आहे. इथले भावसार, नामदेव शिंपी, आरे मराठे यांच्या घरांत कन्नड वळणाची मराठी आणि नाचणीचे उंडे कित्येक पिढ्या एकत्र नांदत आले आहेत.

फौजांचा इतिहास आपण लढायांच्या तारखांनी वाचतो, पण तो बऱ्याच वेळा पोत्यांनी ठरला आहे. मार्च १७९१ मध्ये इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसनं बेंगळुरूची पेठ आणि किल्ला टिपूकडून घेतला आणि तो श्रीरंगपट्टणवर चालून गेला. टिपूनं वाटेवरचा चारा आणि धान्य आधीच नाहीसं करून ठेवलं होतं. बैल हजारांनी मेले, सैनिकांचा शिधा कमी झाला, आणि शेवटी जड तोफा स्वतःच्या हातानं निकामी करून इंग्रजी फौजेला मागे फिरावं लागलं. मे महिन्याच्या अखेरीस या उपाशी फौजेला वाटेत परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांची दोस्त मराठी सेना भेटली. तिच्याबरोबर अख्खा बाजार चालत होता. भाव चढा होता, पण धान्य होतं. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून फौजांमागे फिरणाऱ्या लमाण तांड्यांचा आधार तर त्या काळच्या प्रत्येक सैन्याला होता. या मोहिमेची इंग्रजी वर्णनं वाचताना तोफांपेक्षा तांदळाची काळजीच जास्त जाणवते.

पेठेत धान्य विकलं जाई, पण ते राखलं जाई खेड्यांत, आणि तेही जमिनीखाली. मंड्या, हासन, तुमकुरू, रामनगर या बेंगळुरूभोवतीच्या मुलखात नाचणी साठवायला ‘हगेवु’ खणत. घट्ट, कोरड्या, पाणी न झिरपणाऱ्या जमिनीत खोल खड्डा, वर एक माणूस कसाबसा उतरेल एवढं अरुंद तोंड आणि आत फुगत गेलेलं पोट. कडांना नाचणीचा पेंढा लावायचा, आत धान्य ओतायचं, तोंडावर दगडी शिळा बसवून वर माती लोटायची. मराठी वाचकाला हे नवं नाही. आपल्याकडची पेवं याच जातीची. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरला हळदीची पेवं पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. २००५ च्या महापुराचं पाणी त्यांत शिरलं आणि त्यातली कित्येक कायमची गेली.

पेवातलं शास्त्र सरळ आहे. तोंड बंद झालं की आतलं धान्य आणि किडे श्वास घेत राहतात. प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि उरलेले किडे गुदमरून मरतात. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, हा सगळीकडचा दंडक. तोंड उघडून बराच वेळ, शक्यतो दिवसभर, हवा खेळू द्यायची, मग दोरीनं जळता दिवा खाली सोडायचा. दिवा विझला तर माणूस उतरत नाही. हा दंडक मोडून घाईनं उतरलेली माणसं मेली आहेत, एकाला काढायला उतरलेला दुसराही त्याच्यामागे गेला आहे.

हेच शास्त्र परदेशांतही वापरतात. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मॉर्मन पंथीयांमध्ये घरात दीर्घ मुदतीचं अन्न साठवण्याची शिकवण आहे. ते गहू पत्र्याच्या डब्यात भरतात, आत लोखंडाच्या भुकटीची प्राणवायू शोषणारी पुडी टाकतात आणि डबा सीलबंद करतात. थंड, कोरड्या जागी असा गहू तीस वर्षं टिकतो असं ते सांगतात. हगेवुनं जे मातीत साधलं तेच तिथे पत्र्यात साधलं आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांच्या चवळीसाठी अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठानं तयार केलेल्या तीन पदरी पिशव्याही याच तत्त्वावर चालतात.

नाचणीचं वेगळेपण असं, की तिला इतक्या कडेकोट बंदोबस्ताची गरज इतर धान्यांपेक्षा कमीच. तिचा दाणा दीड मिलिमीटरच्या आसपास. दाण्याच्या पोटात बसून वाढणाऱ्या सोंडकिड्याला त्यात जागाच पुरत नाही. नीट वाळवलेली नाचणी दहा वर्षं सहज टिकते, हा दक्षिण कर्नाटकातल्या शेतकऱ्यांचा अनुभव आहे. पावसाचा भरवसा नसलेल्या या मुलखानं नाचणीला धरून राहण्याचं एक मोठं कारण हेच असावं. देशातली निम्म्याहून जास्त नाचणी आजही एकटं कर्नाटक पिकवतं. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठात सी. एच. लक्ष्मणय्यांनी भारतीय आणि आफ्रिकी नाचणीच्या संकरातून ‘इंडाफ’ वाणांची मालिका तयार केली आणि उत्पादन वाढवलं. मराठी घरांत नाचणी अजून बाळाच्या सत्त्वापुरती किंवा पथ्याच्या भाकरीपुरतीच येते. ज्याला बेंगळुरूत धान्य साठवायचं आहे, त्यानं गव्हाच्या आधी नाचणीकडे वळावं. या मातीचं, या हवेचं साठवणीचं धान्य तेच आहे.

अर्थात साठवणीलाही हद्द असते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सलग पाऊस हुकला आणि म्हैसूर संस्थानातली हगेवु रिकामी झाली. १८७१ च्या खानेसुमारीत संस्थानाची लोकसंख्या ५० लाखांच्या वर होती, १८८१ मध्ये ती ४२ लाखांच्या आत आली. बेंगळुरूच्या रस्त्यांवर खेड्यांतून आलेली माणसं पडून होती. एका वर्षाचा फटका घरचं कोठार झेलतं, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मात्र कोणाचं तरी मोठं कोठार उघडावंच लागतं. मराठी मनानं दामाजीपंतांना पाचशे वर्षं जपलं ते याचसाठी. मंगळवेढ्याचं सरकारी धान्याचं कोठार त्यांनी भुकेल्यांसाठी उघडलं, अशी ती कथा. त्याच मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आणि तीच शाळू ज्वारी आज सोलापूरहून उद्यान एक्स्प्रेसच्या बाकाखालून बेंगळुरूला येते. मुलाकडे निघालेल्या आईच्या सामानात कपड्यांची बॅग एक आणि धान्याच्या पिशव्या तीन, हे दृश्य या गाडीला नवं नाही. इथल्या दुकानात ज्वारी मिळत नाही असं नाही. पण भाकरी करणारीला आपल्या ज्वारीची चव ठाऊक असते, आणि ती ज्वारी कधी मळली, कशी वाळवली, कोणत्या पोत्यात होती, हेही तिला ठाऊक असतं. विकतच्या पाकिटावर यातलं काहीच छापलेलं नसतं.

धान्याबरोबर उंदीर येतात आणि उंदरांबरोबर काय येतं, हे या शहरानं १८९८ मध्ये भोगलं. त्या वर्षी प्लेग बेंगळुरूत शिरला. दाट वस्तीच्या, कोंदट पेठेत, घरांना लागून दुकानं आणि दुकानांना लागून धान्याच्या वखारी होत्या. रोग पिसवांमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत त्याच वर्षी ओळखलं, पण ते जगानं मान्य करायला पुढे काही वर्षं गेली. प्लेगनंतर बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या मोकळ्या वसाहतींना वेग आला. तिथल्या जुन्या घरांत स्वयंपाकघराशेजारी ‘उग्राण’ असे, म्हणजे आपली कोठीची खोली. वर छोटा झरोका, खाली जमिनीपासून वीतभर उंच फळ्या, फळ्यांवर डबे, आणि फळी व भिंत यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट. ती फट नुसती सोय नव्हती. तिथून हवा फिरे, आणि उंदरानं काही सुरू केलं तर झाडताना दिसे. ही घरं पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींत उग्राणाची जागा युटिलिटीनं घेतली. तिथेही धान्य ठेवायचं झालं तर निदान लाकडी पाट किंवा प्लास्टिकचा स्टँड खाली हवा आणि पोतं भिंतीपासून वीतभर पुढे. सप्टेंबर २०२२ च्या सुरुवातीला बेल्लंदूर आणि बाह्य वळण रस्त्याच्या परिसरात घरांत पाणी घुसलं, तेव्हा तळमजल्यांवर खालच्या कप्प्यांतलं धान्य पहिल्यांदा गेलं.

भिजलेलं धान्य वाळवून वापरावं का? नाही. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावर अवकाळी पावसानं ज्वारी आणि मका भिजला, त्यावर बुरशी आली, आणि आंध्र-कर्नाटकातल्या काही गावांत ते धान्य खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाबांनी गाठलं. पाऊस सरल्यावर पुन्हा वाळवलेलं धान्य वरून ठीक दिसतं. बुरशीचं विष मात्र उन्हानं आणि शिजवण्यानं पुरतं जात नाही.

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता देशभराची टाळेबंदी जाहीर झाली. तासाभरात बेंगळुरूच्या किराणा दुकानांपुढे रांगा लागल्या आणि कणकेच्या पिशव्या संपल्या. अशा वेळी दहा किलो कणीक उचलून आणणं आणि बेगमी करणं यांत फार अंतर आहे. कणीक हे साठवणीचं धान्यच नाही. दाणा फुटला की त्यातलं तेल हवेला लागतं आणि खवट व्हायला लागतं. गहू वर्ष काढतो, कणीक दोन-तीन महिने. बाजरीचं पीठ तर आठवड्या-दोन आठवड्यांत कडसर होतं. घाईनं भरलेल्या त्या पिशव्यांपैकी किती जून महिन्यात जाळी धरून कचऱ्यात गेल्या असतील, याचा विचार करवत नाही. कारण त्याच दिवसांत या शहरातल्या बांधकामांवरचे मजूर रोजच्या रोज आणत असलेला शिधा बंद झाल्यानं पायी घराकडे निघाले होते.

साठवायला पैसा लागतो आणि जागाही लागते, हे साठवणीबद्दल लिहिणारे फारसं बोलत नाहीत. पत्र्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत पोतं ठेवायला कोपरा नसतो आणि पोत्याचे हजार-दीड हजार रुपये एकदम हातात नसतात. म्हणून गरीब माणूस पावशेर-अर्ध्या किलोनं घेतो आणि किलोमागे जास्त मोजतो. कर्नाटकात २०१३ मध्ये अन्नभाग्य योजना सुरू झाली. त्या योजनेचा तांदूळ हीच अनेक घरांची एकमेव साठवण आहे. जुलै २०२३ मध्ये वाढीव पाच किलोंसाठी तांदूळ मिळेना, तेव्हा सरकारनं किलोला ३४ रुपयांप्रमाणे माणशी १७० रुपये खात्यात भरले. पुढे २०२५ मध्ये पुन्हा तांदूळ द्यायला सुरुवात झाली. पैसे मिळाले तर ते खर्च होतात. तांदूळ मिळाला तर तो निदान डब्यात दिसतो, आणि घरातल्या बाईला महिन्याचा अंदाज बांधता येतो. या दोन्हींत तिच्या लेखी मोठाच फरक आहे.

त्याच जुलै २०२३ मध्ये केंद्रानं बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली आणि अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत सोनामसुरीसाठी झुंबड उडाली. कित्येक दुकानांनी एका घराला एकच पिशवी असा नियम लावला. त्या रांगांत मराठी माणसंही होती, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची नोकरीची वाट बेंगळुरूमधूनच तिकडे गेलेली.

२०११ मध्ये घरपोच किराण्याची एक मोठी कंपनी याच शहरात सुरू झाली. आता दहा-पंधरा मिनिटांत तूरडाळ दारात येते. नोकरदार जोडप्यांची यानं मोठी सोय झाली, यात शंका नाही. पण डाळ संपल्यावर मागवायची सवय लागली की डाळ पारखायची सवय सुटते. १२ सप्टेंबर २०१६ ला कावेरीच्या पाण्यावरून शहर पेटलं आणि सोळा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. असे दिवस या शहराच्या वाट्याला अधूनमधून येतात. तीन आठवड्यांचं धान्य घरात असणं एवढीही तयारी आज पुष्कळ घरांत नसते. स्वीडनच्या सरकारनं २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये घरोघर पुस्तिका पाठवून अडचणीच्या दिवसांसाठी अन्न घरात ठेवायला सांगितलं. आपल्याकडे हे सांगायला आजी होती, आणि तिचं ऐकून घेण्याची वेळ अजून गेलेली नाही.

तिचं एक सांगणं बेंगळुरूत तंतोतंत उपयोगी पडतं. अख्खी तूर, मूग, हरभरा पावसाळ्यात ठेवू नये, आधी डाळ करून घ्यावी. कडधान्याचा भुंगा गुळगुळीत, गोल, सालीच्या दाण्यावर अंडी चिकटवतो. पांढरे ठिपके दिसतात ते हेच, आणि बहुधा ते शेतातूनच आलेले असतात. साल काढून दाणा दुभागला की डाळीवर त्याचं फारसं चालत नाही. डाळीला मग एरंडेल पुरतं. लहान घरात, थोड्या मालासाठी, अजून सोपा उपाय म्हणजे फ्रीजर. आणलेले मूग किंवा रवा पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवला की आतली अंडी मरतात. मात्र बाहेर काढल्यावर पिशवी तशीच बंद ठेवून ती खोलीच्या तपमानाला येऊ द्यायची, नाहीतर बाहेरची ओल गार दाण्यांवर जमते.

तेव्हा इथलं वर्ष असं लागतं. डिसेंबर-जानेवारीत नवी नाचणी आली की ती मनासारखी भरून घ्यायची, ती थांबणारी आहे. जानेवारी-फेब्रुवारीत कलबुर्गीची तूरडाळ येते. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि ती लवकर शिजते. ती पावसाळा निघेपर्यंत पुरेल एवढी घेऊन फेब्रुवारीच्या उन्हात एक दिवस ठेवायची. मार्चमध्ये शाळू सोलापूरहून. तांदूळ जुना, निदान वर्षभराचा बघून घ्यावा, कारण नव्याचा भात चिकट होतो. हातसडीचा किंवा तपकिरी मात्र महिन्याभराचाच, कोंड्यातल्या तेलानं तो लवकर खवट होतो. गहू एप्रिलच्या पहिल्या सरींआधी जितका वाळवून होईल तितकाच भरावा, आणि पुढचा दिवाळीनंतर आभाळ मोकळं झाल्यावर. गृहनिर्माण संकुलांत पाच-सहा घरांनी मिळून यशवंतपूरहून पोती आणली आणि गच्चीची किल्ली दोन रविवार आपल्याकडे ठेवली, तर हे सगळं नोकरी सांभाळून जमतं. काही संकुलांतल्या मराठी मंडळींनी तसं सुरूही केलं आहे.